सकाळी आठची होडी

२६ जानेवारी १९८८, मंगळवार

आज ठाण्याच्या जेलमध्ये माझा खेळ झाला आणि माझा अपमानही झाला. गोदाला सांगायला गेलो तर ती भाकऱ्या थापत होती, म्हणाली, "झाला असेल." म्हणून इथे लिहितो.

एका समाजसेवी मंडळाने कैद्यांसाठी प्रजासत्ताक दिनाचा सिनेमा ठरवला होता. डोंबिवलीत सोळा एमएमचं मशीन आता माझ्या एकट्याकडेच उरलंय, बाकी सगळे व्हिडिओच्या नादी लागले. मी 'दामूची बेडी' घेऊन गेलो. ही माझ्या मालकीची एकमेव प्रिंट आहे आणि त्यात मी स्वतः दुसऱ्या शिपायाचं काम केलेलं आहे. निर्दोष दामूला जन्मठेप होते, होडीतून त्याला नेतात आणि म्हातारी आई काठाकाठाने धावत राहते. या जागी आजवर लोक रडले नाहीत असा एकही खेळ झालेला नाही.

विणकामाच्या हॉलच्या खिडक्यांना घोंगड्या लावून अंधार केला होता. दीडशे कैदी मांडी घालून बसलेले. आई धावायला लागली तसे खुनाच्या शिक्षेवर असलेले बाप्येसुद्धा नाक पुसू लागले. गेटावरचा शिपाई काळुराम, जो एरवी दगड आहे, तोही टोपी पुढे ओढून बसला. आणि त्या शांततेत मागून कोणीतरी हसलं.

दिवे लागल्यावर मी शोधलं. मघाशी पडदा बांधून देणारा म्हातारा, गोमाजी. खाडीकाठचा कोळी, वय साठीच्या पुढे. गाठी अशा मारल्या होत्या की पडद्याला सुरकुती नव्हती, म्हणून माझं त्याच्याबद्दल मत चांगलं झालेलं. विचारलं, आईच्या दुःखाला हसतोस?

तो म्हणाला, "मास्तर, म्हातारी धावते तवा सुकती हाय, सगला चिखल दिसते. होरी निंगते तवा भरती हाय. सूर्य तितंच. मंग हसू नको तं काय करू?"

मी त्याला सांगितलं की कलेकडे असं बघायचं नसतं. तो "बरं" म्हणाला आणि पडदा सोडायला गेला.

२७ जानेवारी, बुधवार

ते रीळ घरच्या भिंतीवर लावून पाहिलं. म्हातारा बरोबर आहे. आधी चिखल, मग काठोकाठ पाणी, आणि दामूची सावली दोन्हीकडे सारखीच. बावीस वर्षांत हे मला दिसलं नाही. दिग्दर्शक वारला ते एका परीने बरं झालं.

१४ फेब्रुवारी, रविवार

कैद्यांनी तोच सिनेमा पुन्हा मागितला. माझ्याकडे दुसरा नाहीच, पण मागितला हे खरं. मन प्रसन्न झालं.

पडदा बांधताना गोमाजीशी बोललो. राग धरून काय करायचं. त्याने भरतीचं गणित सांगितलं, ते लिहून ठेवण्यासारखं आहे. जी तिथी असेल तिची पाऊणपट करायची, तितक्या वाजता समुद्राला भरती. त्यांच्या बंदराला, म्हणजे डोंबिवलीच्या बाजूला, पाणी वर चढून यायला आणखी दीडदोन तास. म्हणजे पुनवेला दुपारी एकच्या सुमारास पूर्ण भरती आणि सकाळी सात-आठला सुकती, पाणी पार मधल्या धारेला जातं. सुकती म्हणजे आपली ओहोटी. मी गंमत म्हणून आजची तिथी विचारली तर कॅलेंडर न बघता सांगितली. तुरुंगात बसून माणूस कशाला भरती मोजतो देव जाणे.

खेळ संपल्यावर काळुरामने त्याची केस सांगितली. रेतीच्या एका ठेकेदाराचा मुकादम बंदरावरच्या शेडपाशी मारलेला सापडला. ठेकेदार खाडी उपसून कोळ्यांची जाळी फाडतो म्हणून गोमाजीचं त्याच्याशी भांडण होतंच. नामा नावाच्या रेती भरणाऱ्या मजुराने साक्ष दिली, की सकाळी आठला गोमाजी होडीने पलीकडून आला, होडी बंदराच्या पायरीला लावली, मुकादमाच्या डोक्यात वल्हं घातलं आणि होडीनेच परत गेला. जन्मठेप झाली. हायकोर्टात अपील पडून आहे.

मी म्हटलं, चेहऱ्यावरून तसा वाटत नाही. काळुराम म्हणाला, "चेहऱ्यावरून इथं एकबी तसा वाटत न्हाई. रोज बघतोय."

ते पटलं. उगाच भोळेपणा नको.

२८ फेब्रुवारी, रविवार

गोमाजीने माझ्याबरोबर घरी निरोप दिला होता की होडीला तेल पाजा, नाहीतर फळ्या उलतील. एवढ्यासाठी मी, पाण्याला भिणारा माणूस, बंदरावरून तरीत, म्हणजे भाड्याच्या होडीत, बसून पलीकडच्या कोळीवाड्यात गेलो. भर मे महिन्यात लग्नाच्या वरातीबरोबर चाललोय मी, पण इतका घामाघूम कधी झालो नाही.

त्याची मुलगी चंद्रभागा घरी होती. नवरा नाही, बापाची होडी तीच चालवते. तेल तिने आधीच पाजलेलं होतं. मला चहा दिला आणि न विचारता सगळं सांगितलं. तो दिवस नारळी पुनवेचा होता, ३० ऑगस्ट ८५. त्या दिवशी कोळी नारळ वाहिल्याशिवाय होडी पाण्यात घालत नाही. गोमाजीला साडेसातला देवळात अख्ख्या वाड्याने पाहिलं, साडेआठलाही पाहिलं. कोर्ट म्हणालं, मधे तासभर आहे, होडीने पलीकडे जायला दहा मिनिटं पुरतात. रस्त्याने कल्याणच्या पुलावरून फिरून जायचं तर तासात जमत नाही, म्हणून सगळा भार होडीवर.

तिची फार दया आली. पण तो मधला तास माझ्याही मनातून जात नाही. होडीने तर कोणीही जाऊ शकतो.

३ मार्च, गुरुवार

आज होळी. आणि आज कळलं की माझी ही वही गोदा वाचते.

पुरण वाटता वाटता ती म्हणाली, "अहो, तुम्ही लिहिता आणि वाचत नाही का?" मी कसली वही, कुठली वही म्हणून बघितलं, पण तिने हात पुसून हीच उघडली आणि चौदा फेब्रुवारीवर बोट ठेवलं. मग अठ्ठावीसवर ठेवलं. पुनवेला सकाळी आठला बंदरापाशी पाणी नसतं. खून नारळी पुनवेला सकाळी आठला झाला. मग होडी पायरीला लागली कशी?

मी खुर्चीत बसलो. दोन्ही गोष्टी माझ्याच अक्षरात, चौदा दिवसांच्या अंतराने, शाई सारखीच. गोदा उपासतापास करते, तिचं सगळं जगणं तिथीवर चालतं, म्हणून तिला दिसलं. मी तारखांवर जगतो. पोलीस, वकील, जज्ज सगळेच तारखांवर जगतात. कागदावर फक्त '३०-८-८५, सकाळी ८' एवढंच असणार.

वही वाचल्याबद्दल रागवायचं होतं, ते राहून गेलं.

८ मार्च, मंगळवार

चंद्रभागेबरोबर मुलाखतीला गेलो. जाळीच्या पलीकडे गोमाजी. मी ओरडूनच विचारलं, की ही गोष्ट कोर्टात का नाही सांगितलीस?

तो माझ्याकडे बघत राहिला, जणू मीच काहीतरी खुळ्यासारखं विचारतोय. म्हणाला, "जज्जसाहेब एवरा शिकलेला मानूस. त्याला पुनवेची सुकती ठावं नसंल? मना वाटलं, त्याला ठावं हाय, आनि तरी त्यानं शिक्षा दिली. मंग बोलून काय करू?"

चंद्रभागाही खाली बघून म्हणाली की सगळ्यांना माहीतच असणार असं वाटलं. सरकारने दिलेला वकील कधी बंदरावर आलाच नाही, आणि यांनी त्याला सांगितलं नाही, कारण सूर्य पूर्वेला उगवतो हे कोणी वकिलाला सांगत नाही.

अडीच वर्षं हा माणूस आत बसून मानत होता की न्याय करणाऱ्याला खरं माहीत होतं आणि तरी त्याने जन्मठेप दिली. आणि त्याने शिवी दिली नाही, डोकं आपटलं नाही, माझा पडदा मात्र सरळ बांधला. मला जाळीपाशी उभं राहवेना. बाहेर येऊन नळावर तोंड धुतलं.

१९ मार्च, शनिवार

ठाण्यातले दौलतराव गुप्ते वकील, वय सत्तर, फुकट केस घ्यायची सवय असलेले. सगळं ऐकून चष्मा पुसत म्हणाले, "त्र्यंबकराव, समुद्राचं वेळापत्रक छापील मिळतं. तुमच्या बंदराच्या पायरीचं मिळत नाही. तिथे पाणी नव्हतं हे कोणाला तरी डोळ्यांनी बघावं लागेल."

पण केस घेतली. निघताना मी त्यांना 'दामूची बेडी'बद्दल सांगितलं आणि त्यात माझी भूमिका आहे हेही सांगितलं. ते म्हणाले, आपण केसवरच राहू.

२१ जून, मंगळवार

हायकोर्टाने गुप्त्यांचं म्हणणं ऐकलं. ठाण्याच्या सेशन्स कोर्टाने नवा पुरावा घ्यावा आणि जागा पाहून अहवाल द्यावा, असा हुकूम झाला.

सरकारी वकिलाने लगेच पाचर मारली. इतर पुनवेचं सोडा, श्रावणात वरून नदीला पावसाचं पाणी येतं, तेव्हा बंदर कोरडं कसं राहील? नवे जज्ज म्हणाले, मग नारळी पुनवेलाच बघू. ती सुट्टी आहे असं सांगितल्यावर म्हणाले, खाडीला सुट्टी नसते. २७ ऑगस्ट, शनिवार, सकाळी आठ.

गोदाने ही तारीख ऐकल्यावर देवापुढे साखर ठेवली.

२४ ऑगस्ट, बुधवार

तीन दिवस पाऊस थांबलेला नाही. आज राहवेना म्हणून अकराच्या सुमारास छत्री घेऊन बंदरावर गेलो. पाणी तिसऱ्या पायरीला लागलेलं. होडीच काय, गलबत लागेल इतकं पाणी.

सरकारी वकील खरं बोलत होता. एका म्हाताऱ्याच्या बोटांवरच्या हिशोबावर मी गुप्त्यांना, हायकोर्टाला आणि त्या पोरीला कामाला लावलं. शनिवारी जज्ज येतील, पायरीवर पाणी बघतील आणि गोमाजी मरेपर्यंत आत. पूर्वी निदान आशा नव्हती, आता आशा दाखवून मारल्याचं पाप माझ्या माथी. मोठेपणा मिरवायची हौस मला नडली. जेलमध्ये खेळ लावून गप घरी यायचं होतं.

(खाली गोदाच्या अक्षरात: आज बारस. बाराची पाऊणपट नऊ, आणि वर दोन तास. अकराला तिथे भरतीच असणार. जेवायला या.)

२७ ऑगस्ट, शनिवार

सगळं क्रमाने लिहितो.

सातलाच बंदरावर पोचलो. पाऊस भुरभुर. अर्ध्या कोळीवाड्यातली माणसं कालच या काठाला येऊन राहिली होती, आज होड्या घालायच्या नव्हत्या ना. बायका हिरव्या लुगड्यांत, केसांत आबोली. पायरीखाली पाहिलं. पाणी नव्हतंच. साठेक हात नुसता काळा चिखल, त्यात खेकड्यांची भोकं, आणि लांब मधोमध नदीची धार. तीन दिवसांचा पाऊस त्या धारेत कुठे गेला कोण जाणे.

आठला पाच कमी असताना जज्ज आले. मागोमाग पोलिसांच्या गाडीतून गोमाजी, हाताला बेडी. तीन वर्षांनी खाडी बघत होता. त्याने मुलीकडे बघितलं नाही, माझ्याकडे नाही, जज्जकडे नाही. चिखलाकडे बघितलं, मग धारेकडे, आणि दीर्घ श्वास घेतला. साक्षीदार नामाही बोलावलेला होता. चाळिशीचा, हडकुळा, चेहरा राखेसारखा. बहुतेक त्याला थंडी वाजत असावी.

जज्जनी घड्याळ सगळ्यांना दाखवून वेळ लिहून घेतली. सरकारी वकील म्हणाला, चिखल दिसतोय खरा, पण तो वरवरचा असेल, होडी ओढत आणता येईल, माणूस चालत येईल. जज्ज शांतपणे म्हणाले, ठीक आहे, साक्षीदाराने होडी कुठे पाहिली तिथे जाऊन उभं राहावं.

नामा पायरी उतरला. पहिल्या पावलाला घोटा गेला, दुसऱ्याला गुडघा. चौथ्या पावलाला मांडीपर्यंत रुतला आणि घाबरून हातपाय झाडायला लागला, तसा कमरेपर्यंत गेला. पोलीस काठावर धावले पण उतरायची छाती कोणाची होईना. कोळीवाड्यातून कोणीतरी हसलं. मलाही, खरं लिहितो, हसू आलं. बरं झालं असंच वाटलं.

तेवढ्यात गोमाजीचा आवाज आला. "नामा, हलू नको. ऐक माजं. मागं पाठीवर पर. हात पसर. आता एकच पाय हलवून काढ, घाई नको. मी सांगतो तसा कर."

बेडी घातलेले हात पुढे करून तो म्हातारा पायरीवर ओणवा झाला होता. पोलीस त्याला मागे ओढायला गेला, तर जज्जनी हातानेच थांबवलं. गोमाजी सांगत गेला, नामा करत गेला. पाठीवर पडून, एकेक पाय सोडवत, चिखलावरून सरपटत तो पायरीला आला. चंद्रभागेने त्याच्या काखेत हात घालून वर घेतला. ती मघाशी हसली नव्हती.

नामा वर आला तो सरळ उभाच राहिला नाही. गोमाजीच्या पायाशी बसून मोठ्याने रडायला लागला. म्हणाला, त्याने होडी पाहिली नाही, गोमाजीला पाहिलं नाही, कोणालाच पाहिलं नाही. ठेकेदाराच्या माणसांनी सांगितलं तसं बोलला, नाहीतर काम गेलं असतं आणि झोपडीही गेली असती. त्या दिवशी सकाळी त्याला उठवून आणलं तेव्हा मुकादम मेलेलाच होता.

गुप्ते वकील एवढे अनुभवी, पण तेही छत्री मिटायची विसरून पावसातून शेडमध्ये आले आणि तशीच धरून उभे राहिले. जज्जनी सगळं लिहून घेतलं, नामाचा अंगठा घेतला. मग स्वतःचे बूट काढले, पँट दुमडली आणि दोन पायऱ्या उतरून चिखलात पाय घालून पाहिला. घोट्याच्या वर गेला तसा काढला. मला वाटलं, साहेबांना हौसच दिसते. गोदा म्हणते, तसं नव्हे, ज्याच्यावर सही करायची ते त्यांना स्वतः बघायचं होतं.

गोमाजीला गाडीत बसवायच्या आधी चंद्रभागेला बापाशी बोलू दिलं. ती म्हणाली, "बाबा, साहेबाला ठावं नव्हतं. खरंच ठावं नव्हतं." म्हातारा तोंडावर हात ठेवून रडला. त्याच्या जन्मठेपेपेक्षा हेच त्याला मोठं ओझं होतं, असं मला त्या क्षणी वाटलं आणि अजून वाटतंय.

दुपारी एकला भरती आली. मग कोळीवाड्याने नारळ वाहिला. मी आणि गोदाही होतो.

१८ नोव्हेंबर, शुक्रवार

हायकोर्टाने सोडलं. निर्दोष. गुप्त्यांचा फोन शेजाऱ्यांकडे आला, मी जिन्यातून ओरडतच खाली आलो आणि सगळ्या चाळीला पेढे वाटले.

२३ नोव्हेंबर, बुधवार. त्रिपुरी पौर्णिमा

(तिथी आता मीही लिहितो.)

कागद यायला पाच दिवस गेले. सकाळी दहाला जेलच्या मोठ्या दरवाजातला छोटा दरवाजा उघडला. तो इतका बुटका आहे की वाकूनच निघावं लागतं. काळुरामने आतून हात बाहेर काढून चौकटीच्या वरच्या लाकडावर तळवा धरला, म्हाताऱ्याच्या डोक्याला लागू नये म्हणून. शिस्तीत असा नियम नसावा. मी बघतोय हे लक्षात आल्यावर त्याने टोपी सारखी केली आणि मला विचारलं, पुढच्या जानेवारीत खेळ आहे ना?

मला वाटलं रिक्षा करू, नाहीतर एस.टी. आहे. चंद्रभागा म्हणाली, खाडीने न्यायचंय. कळव्याच्या पुलाखाली सतरा होड्या उभ्या होत्या, झेंडे लावलेल्या, आणि एकीत अख्खा बँड. गोदा बिनधास्त चढली. मी डोळे मिटून चढलो. गोमाजीने सुकाणू हातात घेतलं, तसा तो मला दहा वर्षांनी लहान दिसला. भरती आमच्या पाठीशी होती, होड्या नुसत्या सुटल्या. मुंब्र्याचा डोंगर गेला, बँड वाजतोय, काठावरची माणसं कामं सोडून हात करतायत. माझ्या आयुष्यात अशी मिरवणूक मी पडद्यावरसुद्धा पाहिली नाही. मी रडत होतो आणि मला त्याची लाज वाटत नव्हती.

एकला कोळीवाडा आला. सगळा वाडा धक्क्यावर, फुलं, गुलाल. आणि गर्दीपासून लांब, धक्क्याच्या पार टोकाला, एकटा नामा. तो पलीकडच्या काठावरून आला होता, पण त्याला कोणी जवळ उभं केलेलं नव्हतं. साक्ष फिरवल्यावर त्याचं कामही गेलं आणि झोपडीही गेली, असं नंतर समजलं.

पहिली होडी आमचीच लागायची होती. धक्क्यावरचे दहाजण दोर झेलायला हात पुढे करून उभे. गोमाजीने दोराची गुंडाळी उचलली, एकवार सगळ्यांकडे पाहिलं, आणि त्या दहाजणांच्या डोक्यांवरून तो दोर लांब टोकाला फेकला.

"नामा, होरी बांध."

बँड थांबला. नामाने दोर झेलला होता, पण हलत नव्हता. मग त्याने तो छातीशी धरला, टाच रोवली आणि ओढायला लागला, आणि एकेक करून त्या दहाजणांनी त्याच्यामागे जाऊन त्याच दोराला हात लावला.